मधल्या फळीतला मुलगा वीस मिनिटांत दिसत नाही : जिल्हा फुटबॉल संघटनेस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि निवड समितीचे सर्व सदस्य,
जिल्हा फुटबॉल संघटना

विषय : तालुका साखळी स्पर्धा बंद करून एकदिवसीय निवड चाचणी घेण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

महोदय,

यंदा दसरा झाल्यावर आपल्या संघटनेचे एक पानाचे परिपत्रक तालुक्यातील शाळांना आणि गावोगावच्या मंडळांना मिळाले. १५ आणि १७ वर्षांखालील मुलांची तालुका साखळी स्पर्धा निधी व मनुष्यबळाअभावी या वर्षापासून घेतली जाणार नाही, जिल्हा संघाची निवड डिसेंबरमधील एका रविवारी जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या चाचणीतून केली जाईल, १७ वर्षांखालील मुलाची उंची किमान १६५ सेंटिमीटर असावी आणि गुण ३० मीटर धाव, चेंडूवरील ताबा व सराव सामन्यातील गोल यांवर दिले जातील, असे त्यात म्हटले होते. मी त्या परिपत्रकाला लेखी हरकत घेतली. तिची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. पुढे चाचणी झाली, संघ जाहीर झाला, दोन स्मरणपत्रे पाठवूनही काही कळले नाही, म्हणून आता हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपल्यापैकी अनेकांना मी ओळखतो, काहींच्या सोबत खेळलोही आहे, त्यामुळे कोणाच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. निर्णय मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे जिल्ह्यातील पालकांनी, शिक्षकांनी आणि खेळणाऱ्या मुलांनीही वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगतो. मी वर्धा नदीच्या काठावरील, कापूस आणि तुरीच्या पट्ट्यातील एका गावाचा. घरी चार एकर कोरडवाहू वावर. फुटबॉल आमच्या गावात जवळच्या रेल्वे वसाहतीतून आला, आणि कपाशीची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी आटोपली, की मोकळ्या वावरात ढेकळे फोडून आम्ही खेळत असू. १९९४ मध्ये, मी पंधरा वर्षांचा असताना, याच तालुका साखळी स्पर्धेत आमच्या गावाचा संघ सात सामने खेळला आणि त्यातला एकच जिंकला. संपूर्ण स्पर्धेत मी एकही गोल केला नाही. तरीही जिल्हा संघाच्या यादीत माझे नाव आले, कारण रेल्वेत नोकरीला असलेले एक पंच त्या सातांपैकी चार सामन्यांना मैदानावर होते आणि त्यांनी निवड समितीला सांगितले होते की, हरणाऱ्या संघातला हा पोरगा चेंडू येण्याआधी मागे वळून पाहतो. हे मला कितीतरी वर्षांनी कळले. त्यानंतर अठराव्या वर्षी मी नागपूरच्या लीगमध्ये उतरलो, तेथे चार हंगाम खेळलो आणि मग मुंबईत एका कंपनीच्या संघात करारावर सहा हंगाम काढले. मी भारताकडून खेळलो नाही, माझे नावही मोठे झाले नाही. पण मधल्या फळीत खेळण्याचे मला पैसे मिळत होते, त्यावर घर चालले, विहिरीवर मोटार बसली आणि धाकट्या बहिणीचे लग्न झाले. आज मी शेती करतो आणि सकाळ-संध्याकाळ गावातल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो.

आता चाचणीच्या दिवसाबद्दल. आमच्या गावातून सहा मुले गेली. कापसाची वेचणी जोरात असतानाचा तो रविवार होता, घराघरांत माणसांची ओढाताण होती, तरी आईवडिलांनी मुले सोडली. पहाटे साडेचारला निघून, मध्ये एक एसटी बदलून, आम्ही नऊ वाजता पोहोचलो. कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर भिंतीवर खडूने एक आडवी रेघ ओढलेली होती आणि मुलांना अनवाणी त्या भिंतीला पाठ लावून उभे केले जात होते. ज्याचे डोके रेघेपर्यंत पोहोचत नव्हते, त्याच्या अर्जावर तेथेच लाल फुली पडत होती. आमच्या सहांपैकी तिघे त्या भिंतीपाशीच गळाले. त्यांतला एक सोळा वर्षांचा, १५९ सेंटिमीटर उंचीचा मुलगा गेली चार वर्षे आमच्या संघाचा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू आहे. बूट हातात घेऊन तो दिवसभर कुंपणाशी बसून राहिला. परतीच्या प्रवासात तो काही बोलला नाही. गावाचा फाटा आला तेव्हा त्याने एवढेच विचारले, “सर, मले खेळू तरी कायले नाही देलं जी?”

माझ्याकडे त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते. ते मी आपल्याकडे मागतो आहे.

जी मुले रेघेच्या वर होती, त्यांचेही फार बरे झाले नाही. आठ संघ पाडले गेले. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेली अकरा मुले एका रंगाची जाळीची बंडी घालून वीस मिनिटे खेळली. टेबलाशी बसलेल्या गृहस्थांच्या वहीत दोनच रकाने मी पाहिले : धावेचा वेळ आणि गोल. अशा वेळी काय होते हे आपण खेळलेली माणसे आहात, आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक मुलगा चेंडू स्वतःजवळ ठेवतो, दिसेल तेथून गोलवर मारतो, पास देणारा मूर्ख ठरतो. आमचा एक मुलगा, जो नेहमी दोन बचावपटूंच्या पुढे उभा राहून खेळ सांभाळतो, त्याने त्या वीस मिनिटांत सहकाऱ्यांना चांगले पास दिले, दोनदा मागे धावत जाऊन होणारा गोल वाचवला, आणि त्याच्या नावापुढे शून्य लागले. परत आल्यावर तो मला म्हणाला की पुढच्या वर्षी मी फॉरवर्डला, म्हणजे आघाडीवर खेळतो. एका चाचणीने एका मुलाचा खेळ बदलून टाकला, तोही चुकीच्या दिशेने.

माझा मुख्य आक्षेप येथे आहे आणि तो मी सविस्तर मांडणार आहे, कारण बाकीच्या तक्रारी त्यातूनच निघतात. आघाडीपटूचे काम गोलाच्या आकड्यात दिसते, गोलरक्षकाचे वाचवलेल्या फटक्यांत दिसते. मिडफिल्डरचे काम मोठ्या प्रमाणावर चेंडू त्याच्याजवळ नसताना चालते. नव्वद मिनिटांच्या सामन्यात मधल्या फळीचा व्यावसायिक खेळाडू दहा ते बारा किलोमीटर धावतो, आणि त्यांतला फार थोडा वेळ चेंडू त्याच्या पायाशी असतो. उरलेल्या वेळात तो जागा बदलत असतो, प्रतिस्पर्ध्याचा पास ज्या वाटेने जाणार ती वाट अडवून उभा राहत असतो, आपल्या बचावपटूला पास देता यावा म्हणून चार पावले सरकत असतो. चेंडू येण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत तो डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे पाहून घेतो, म्हणजे चेंडू आला तेव्हा पुढे काय करायचे ते ठरलेले असते. प्रशिक्षक याला स्कॅनिंग म्हणतात. नॉर्वेचे संशोधक गेअर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील मधल्या व आघाडीच्या फळीतील खेळाडूंच्या चित्रफिती तपासून दाखवले आहे की, चेंडू मिळण्याआधी जे अधिक वेळा मान वळवून पाहतात, त्यांचे पास अधिक यशस्वी ठरतात. आमच्या त्या रेल्वेतल्या पंचांनी हे कोठे वाचलेले नव्हते. त्यांनी चार सामने पाहिले होते, एवढेच.

मी मुलांना हे कसे शिकवतो ते सांगितले तर माझे म्हणणे अधिक नीट कळेल. मुलगा मध्ये उभा राहतो, मी समोरून चेंडू देतो, आणि त्याच्या पाठीमागे दुसरा मुलगा हाताची बोटे वर करून उभा असतो. चेंडू माझ्या पायातून सुटल्यावर आणि त्याच्या पायाला लागण्याआधी त्याने मागे पाहून किती बोटे आहेत ते ओरडून सांगायचे आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू मोकळ्या बाजूला वळवायचा. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते, चेंडू टप्पा घेतल्यावर कोठे उसळेल याचा नेम नसतो, त्यामुळे मान वळवण्याची मुलांना भीती वाटते. नजर चेंडूवरून निघत नाही. ही भीती जायला बहुतेक मुलांना दोन वर्षे लागतात. कुंपणाशी बसून राहिलेल्या त्या मुलाची ती तेराव्या वर्षीच गेली होती. आता तो मागे पाहतो, आकडा सांगतो आणि वर विचारतो की त्याच्याही मागे कोण आहे. असे पोर मला इतक्या वर्षांत एकदाच मिळाले आहे, आणि ते आपण भिंतीला लावून मोजले.

उंचीविषयी मी भावनेने बोलतो आहे असे वाटू नये, म्हणून जगातली उदाहरणे देतो. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेतील ११६ व्या मिनिटाला स्पेनचा गोल करणारा आंद्रेस इनिएस्टा हा फुएन्तेआल्बिया नावाच्या एका लहानशा गावातला मुलगा. मुलांच्या एका स्पर्धेत खेळताना त्याला हेरले गेले आणि बाराव्या वर्षी तो बार्सिलोनाच्या प्रबोधिनीत गेला. त्या वर्षीच्या बॅलन डी’ओर या जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या अंतिम तिघांत मेस्सी, इनिएस्टा आणि झावी होते, तिघेही १७० सेंटिमीटरच्या आसपास उंचीचे, तिघेही त्याच प्रबोधिनीत वाढलेले. क्रोएशियाचा लुका मॉड्रिच युद्धात घर सोडावे लागलेल्या कुटुंबातला. हायडुक स्प्लिट या क्लबने तो किरकोळ शरीराचा म्हणून लहानपणी त्याला घेतले नव्हते, आणि २०१८ चा बॅलन डी’ओर त्याला मिळाला. फ्रान्सचा एन्गोलो कान्टे वयाच्या १९ व्या वर्षापर्यंत पॅरिसच्या उपनगरातील एका हौशी क्लबात होता. पुढे २०१६ मध्ये लेस्टरकडून आणि २०१७ मध्ये चेल्सीकडून त्याने लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवले आणि २०१८ मध्ये विश्वचषक जिंकला. तोही जेमतेम १६८ सेंटिमीटरचा. हे सगळे पूर्ण वाढ झाल्यावरचे आकडे आहेत. सोळाव्या वर्षी यांतले किती जण आपल्या खडूच्या रेघेपर्यंत पोहोचले असते, याचा विचार व्हावा.

उंच मुलांशी माझे वैर नाही. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात ९ ऑक्टोबर रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध भारताचा पहिला गोल करणारा जॅक्सन सिंग हा मिडफिल्डर उंच आहे आणि तो गोल त्याने डोक्यानेच केला होता. मणिपूरच्या थौबल जिल्ह्यातला हा मुलगा, ज्याची आई भाजी विकत असे, तो आज देशाकडून खेळतो. उंची हा एक गुण आहे. तिचे फाटक करू नये, इतकेच माझे म्हणणे आहे, आणि त्याला एक कारण आपल्या भागाचे आहे. तेरा ते सोळा या वयात मुलांची वाढ सारखी होत नाही, एकाच इयत्तेतील दोन मुलांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचेही अंतर असू शकते, हे कोणताही क्रीडावैद्य सांगेल. त्यात ज्या घरात दोन वेळच्या जेवणात दूध, अंडे, डाळ यांची वानवा असते, त्या घरातला मुलगा उशिरा वाढतो. आमच्या संघातील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. आपल्या परिपत्रकातील उंचीची अट सर्वांना सारखी दिसते, प्रत्यक्षात ती शेतमजुराच्या मुलाला अधिक लागते. जिल्ह्याच्या गावातील इंग्रजी शाळांमधली मुले त्या रेघेच्या वर आणि खेड्यातली खाली, हे त्या दिवशी तेथे उभ्या असलेल्या कोणालाही दिसत होते.

दुसरी तक्रार साखळी स्पर्धा बंद करण्याविषयी. ती स्पर्धा म्हणजे आमच्याकडच्या मुलांची एकमेव शाळा होती. सुब्रतो चषकासारख्या शालेय स्पर्धा १९६० पासून आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे, पण तालुका-जिल्हा पातळीवर त्यांत बाद पद्धतीने खेळ होतो. एक सामना हरला की वर्ष संपले. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा संघ गेल्या तीन वर्षांत त्या मार्गाने एकूण चार सामने खेळला. मधल्या फळीचा खेळाडू चार सामन्यांत घडत नाही. त्याला वेगवेगळ्या संघांविरुद्ध चुकावे लागते, दमल्यावर साठाव्या मिनिटाला निर्णय कसा घ्यायचा हे शिकावे लागते, आज आपल्याला अडवणारा मुलगा महिनाभराने पुन्हा समोर आला तर काय बदलायचे हे समजून घ्यावे लागते. विदर्भाच्या क्रिकेटकडे पाहा. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा रणजी करंडक येथे आला, त्यामागे वयोगटांच्या स्पर्धा वर्षानुवर्षे नियमित खेळवण्याचे काम आहे. फुटबॉलमध्ये तर विदर्भाचा वेगळा राज्य संघही नाही. आमच्या मुलाला जिल्हा संघातून महाराष्ट्राच्या आंतरजिल्हा स्पर्धेत आणि तेथून पुढे जावे लागते, म्हणजे आपला जिल्हा संघ हा त्याच्यासाठी एकच दरवाजा आहे.

याच्याशी जोडलेली एक बाब कागदाची आहे, आणि ती पालकांना बहुधा ठाऊक नसते. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार खेळाडू ज्या वर्षी बारा वर्षांचा होतो, त्या वर्षापासून तो कोणत्या क्लबात नोंदला गेला होता याची नोंद त्याच्या ‘प्लेअर पासपोर्ट’मध्ये राहते. पुढे त्याने पहिला व्यावसायिक करार केला तर त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई मिळू शकते, आणि तो करार चालू असताना परदेशी क्लबात गेला तर बदलीच्या रकमेतील ५ टक्के रक्कम बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत त्याला शिकवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. हे सगळे नोंदीवर अवलंबून आहे. साखळी स्पर्धा होती तेव्हा तिच्या निमित्ताने निदान मुलांची नोंदणी होत असे. स्पर्धा गेली तशी नोंदणीही गेली. उद्या आमच्या गावातला एखादा मुलगा खरोखर मोठा झाला, तरी ज्या मंडळाने त्याला बूट घेऊन दिले त्या मंडळाचे नाव कोठेही असणार नाही.

निधीचे कारण दिले आहे, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. तालुका स्पर्धेला लागतात ते चेंडू, चुना, पंचांचा प्रवासखर्च आणि पिण्याचे पाणी. मैदाने गावांची आहेत. आम्ही सात गावांच्या मंडळांनी लेखी कळवले आहे की पाणी, चुना आणि पंचांचे जेवण आम्ही करू, आणि माझ्यासह पाच माजी खेळाडू मानधन न घेता पंच म्हणून उभे राहू. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन ‘स्लम सॉकर’चे काम सुरू केले तेव्हा त्यांच्याकडे तरी कोणते भांडार होते? पैसे कमी असतील तर तसे मोकळेपणी सांगावे, हिशेब दाखवावा, आम्ही वाटा उचलू.

तिसरी तक्रार मैदानाची आहे आणि ती मला माझ्या अंगावर सोसावी लागली आहे. तालुक्याच्या क्रीडा संकुलाचे मैदान हिवाळ्यात लग्नमांडव, प्रदर्शने आणि मेळावे यांना दिले जाते. मांडव उतरतो, खुंटांचे खड्डे राहतात, कोणीतरी त्यांत मोकळी माती लोटतो. २००७ च्या फेब्रुवारीत, मुंबईचा हंगाम आटोपून गावी आलो असताना, मी त्याच मैदानावर एका मैत्रीपूर्ण सामन्यात खेळत होतो. अठ्ठावीस वर्षांचा होतो, पुढच्या दोन वर्षांच्या कराराचे बोलणे सुरू होते, त्याच वर्षी देशात आय-लीग ही राष्ट्रीय व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा सुरू होणार होती. पास अडवण्यासाठी वळलो, डावा पाय त्या भुसभुशीत खड्ड्यात घोट्यापर्यंत गेला आणि अंग वळले, गुडघा वळला नाही. आत काहीतरी फाटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रियेला वडिलांनी एक एकर वावर गहाण टाकले, वर्ष गेले, आणि मी परत गेलो तेव्हा माझ्या जागेवर दुसरा मुलगा खेळत होता. त्याचा त्यात काही दोष नव्हता. मैदान त्या वेळी ज्यांच्या ताब्यात होते त्यांना मी कधी जाब विचारला नाही, कारण तेव्हा मला वाटले की नशिबाची गोष्ट आहे. गेल्या महिन्यात त्याच मैदानावर मी मुलांसोबत तीस-चाळीस खड्डे मोजले, आणि ती नशिबाची गोष्ट नाही हे मला मान्य करावे लागले. मैदानाची मालकी आपल्याकडे नसेल, पण त्याच्या व्यवस्थापन समितीत आपला प्रतिनिधी बसतो. त्याने तेथे तोंड उघडावे.

मुलींबद्दल परिपत्रकात एक ओळही नाही. विचारले तेव्हा प्रतिसाद नसतो असे उत्तर मिळाले. आमच्या गावातील नऊ मुली रोज खेळतात. शाळेच्या दिवशी त्या मानव विकासच्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बसने तालुक्याला जातात, रविवारी ती बस नसते, आणि रविवारी दूर जिल्ह्याला पहाटे मुलगी एकटी कोण पाठवणार? भारतात महिलांची राष्ट्रीय लीग २०१६-१७ च्या हंगामापासून आहे. तेथपर्यंतच्या वाटेवरचा पहिला थांबा तालुक्यात हवा.

एका पदाधिकाऱ्यांनी मला खासगीत विचारले की, या मुलांना एवढी आशा दाखवून काय करणार, देशातल्या फुटबॉलचीच अवस्था पाहा. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर देतो. २०२५ च्या जुलैत देशातल्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचा, इंडियन सुपर लीगचा, येणारा हंगाम लांबणीवर टाकावा लागला, काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन रोखले, हे मी मुलांपासून लपवलेले नाही. व्यावसायिक खेळाडूचे आयुष्य लहान असते, करार एक-दोन वर्षांचे असतात, दुखापत सांगून येत नाही, तिशीनंतर पुढे काय हा प्रश्न प्रत्येकासमोर उभा राहतो. म्हणूनच मी प्रत्येक मुलाला बारावीपर्यंत शिकायलाच लावतो आणि पालकांना सांगतो की दहा-वीस मुलांमधून एखादाच यातून कमावेल. पण तो एखादा कोण, हे खेळून ठरू द्या. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा म्हणून शासनाने उपक्रम केला, तेव्हा आमच्या शाळेलाही चेंडू मिळाले. त्यांतला एक अजून माझ्याकडे आहे. वरचे आवरण सोलवटले आहे, आतली ब्लॅडर दोनदा बदलली आहे, शिवण मी स्वतः दाभणाने घातली आहे. त्या दिवशी पहिल्यांदा चेंडूला पाय लावलेली तेव्हाची सात-आठ वर्षांची पोरे आज आपल्या १७ वर्षांखालील गटात आली आहेत. त्यांना बोलावले शासनाने आणि आपण. ती आली आहेत.

आमच्या मागण्या अशा आहेत. १५ आणि १७ वर्षांखालील मुलांची तालुका साखळी स्पर्धा याच हंगामात, कपाशी निघाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा सुरू करावी, प्रत्येक संघाला किमान आठ सामने मिळावेत आणि मुलींचा गट पहिल्या वर्षी सात जणींच्या संघांनी का होईना, पण सुरू व्हावा. उंचीची अट कायमची काढून टाकावी आणि या वर्षी केवळ त्या अटीवर परत पाठवलेल्या सर्व मुलांना खेळून दाखवण्याची संधी द्यावी. जाहीर झालेल्या संघातील कोणत्याही मुलाला त्यासाठी वगळू नये, त्यांनी काही चूक केलेली नाही. संघात जागा वाढवाव्यात किंवा राखीव यादी करावी. निवड करणाऱ्यांपैकी किमान दोघांनी प्रत्येक मुलाचे किमान तीन पूर्ण सामने पाहावेत, तो कोणत्या जागेवर खेळतो त्यानुसार शेरा लिहावा, आणि निवड झाली नाही तर का झाली नाही हे त्या मुलाला दोन ओळींत लेखी कळवावे. खेळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची नोंदणी गावच्या मंडळाच्या नावाने व्हावी. संकुलाचे मैदान दसऱ्यापासून होळीपर्यंत मांडवांना देऊ नये आणि आज असलेले खड्डे मुरूम-माती दाबून भरून घ्यावेत. गेल्या तीन वर्षांत वयोगटांच्या स्पर्धांसाठी आलेला आणि खर्च झालेला पैसा फलकावर लावावा.

या मागण्यांवर आपण पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. उत्तर समाधानकारक नसेल तर सातही गावांची मंडळे राज्य संघटनेकडे आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे रीतसर अर्ज करतील. त्यापूर्वी आपणच मार्ग काढावा असे आम्हाला मनापासून वाटते.

येत्या रविवारी सकाळी साडेसात वाजता आमच्या गावच्या मैदानावर शेजारच्या गावाशी सामना आहे. आपण यावे. मैदानाच्या पूर्वेला कडुनिंबाखाली बाज टाकून ठेवलेली असेल, तेथून मधली फळी नीट दिसते. आठ नंबरची बंडी घातलेल्या मुलाकडे चेंडू नसतानाही लक्ष ठेवावे, आणि सामना संपेपर्यंत बसावे.

आपला,
वर्धाकाठच्या गावातील एक माजी मिडफिल्डर व प्रशिक्षक

(नाव, सही आणि पत्ता आपल्याला दिलेल्या प्रतीवर आहे. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून येथे दिलेला नाही.)